सेनिओ नदी जर्मनांनी नाही, मराठ्यांनी ओलांडली

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. ‘इटलीत जर्मन फौज नदी ओलांडून येत होती, बेळगावच्या मराठा पलटणीनं तिला दिवसभर अडवून धरलं, नामदेव जाधव एकटे लढत शहीद झाले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि हा इतिहास लपवला गेला.’ नाव, देश आणि क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) सोडला तर बाकी सगळा घोळच आहे बघा.

पहिलं म्हणजे जर्मन नदी ओलांडून येणार कुठनं, ते मागं हटत हटत सेनिओ नदीपाशी येऊन तिच्या बांधात बिळं करून बसलेले. हल्ला आपल्या लोकांचा होता, ९ एप्रिल १९४५, तोही संध्याकाळी. त्यामुळं ‘दिवसभर’ पण गेलं.

नदी म्हटल्यावर पावसाळ्यातली मलप्रभा डोळ्यापुढं आणू नका. सेनिओ तिथं जेमतेम १५ फूट रुंद, पाणी ४-५ फूट. अवघड होते ते दोन्ही बाजूचे पूरबांध, ३०-३५ फूट उंच, सरळ चढाचे, आतनं पोखरलेले आणि पूर्वेच्या बांधाला नदीच्या अंगानं सुरुंग पेरलेले. जाधवांची कंपनी पूर्वेचा बांध चढून उतरली, पाण्यातनं पलीकडं निघाली, आणि गोळ्या आल्या त्या पाठीमागनं! ज्या बांधावरनं आत्ता उतरून आले त्याच्याच पोटात नदीकडं तोंड करून निदान तीन जर्मन मोर्चे होते. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, कमांडरबरोबरच्या टोळीतले बाकीचे जागीच गेले, धड राहिले फक्त जाधव. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या शिपाई.

आता ‘एकटे लढले’ हे अर्धं खरं. एका जखमीला उचलून पाण्यातनं, सुरुंगातनं बांध चढून सुरक्षित जागी पोचवलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, मग मोर्च्यावर धावून गेले आणि टॉमी गननं पहिला गप्प केला. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातगोळ्यांनी आणखी दोन उडवले. पण हातगोळे संपल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडनंच घेतले की! शेवटी मॉर्टरचा मारा चालू असताना बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं, ते लोक नसते तर बोलावलं कुणाला?

आणि शहीद? जाधव लढाईतनं जिवंत परत आले, १९८४ ला वारले. मरणोत्तर क्रॉस यशवंत घाडग्यांचा, तेही मराठा पलटणीचेच, पण जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मेसेज करणाऱ्यानं दोघांना एकत्र कालवलंय असं मला तरी वाटतं.

गावाचं पण तसंच, काही जण त्यांना खानापूरकडचे करून टाकतात. मराठा पलटणीचं सेंटर आपल्या बेळगावच्या कॅम्पात आहे म्हणून पलटणीतला प्रत्येक माणूस इथला होत नाही ओ, जाधव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे.

राहिलं लपवण्याचं. पराक्रमाचा हा सगळा तपशील लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, जून १९४५ लाच छापून आलाय, नदीच्या रुंदीसकट.