‘कार्ड वाच, सगळं त्यावरच लिहिलंय’: एका लाडक्या टोमण्याला उत्तर

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांच्या कुठल्याही गटात नव्या खेळाडूने नियमाचा प्रश्न विचारला, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘कार्ड वाच. कार्डाचा अर्थ कार्डावरच असतो.’ इंग्रजी खेळाडूंकडून आलेला हा टोमणा आता सगळीकडे चालतो, आणि चेष्टा म्हणून मला तो आवडतोही. पण हल्ली त्याचा सिद्धान्त झालाय. तो साधारण असा: खेळायला लागतं ते सगळं कार्डावर असतं; कार्ड आणि नियमपुस्तक यांचं जमलं नाही तर कार्डच जिंकतं, असं पुस्तकच सांगतं; ते जाडजूड पुस्तक जज लोकांसाठी, म्हणजे पंचांसाठी आहे; जजही शेवटी कार्डामागचा हेतू बघून निकाल देतात; आणि म्हणून प्रश्न विचारणारा तो न वाचणारा, आळशी. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा एकूण सूर.

यात तथ्य किती, ते आधी सांगून टाकतो. नवख्यांचे बरेच प्रश्न खरोखरच कार्ड नीट वाचल्यावर सुटतात. ‘टार्गेट’ हा शब्द आहे की नाही, ‘मे’ (हवं तर करा) आहे की नाही, कोलनच्या आधी काय आणि नंतर काय, एवढं पाहिलं तरी निम्मी भांडणं मिटतात. पाच ताकदीच्या क्रीचरकडे (लढणाऱ्या कार्डाकडे) डेथटच (कितीही कमी डॅमेज, म्हणजे इजा, केली तरी समोरचं क्रीचर मरतं) आणि ट्रॅम्पल (उरलेलं डॅमेज खेळाडूला लागतं) दोन्ही असतील, तर चार टफनेसच्या (सहनशक्तीच्या) ब्लॉकरला (अडवणाऱ्या क्रीचरला) एकच डॅमेज देऊन उरलेलं चार थेट खेळाडूला देता येतं का? येतं. दोन्ही क्षमतांच्या कंसातल्या खुलाशाच्या ओळी शेजारी ठेवून वाचल्या तर पुस्तक न उघडताही हे उत्तर सुचतं. तेव्हा कार्ड वाचण्याला माझा विरोध नाही. ‘सगळं’ या शब्दाला आहे.

‘खेळायला लागतं ते सगळं कार्डावर असतं.’ मग ग्रिझली बेअर्स घ्या. १९९३ मधल्या पहिल्या संचातलं हे दोन मना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) खर्चून येणारं, दोन-दोनचं (ताकद दोन, टफनेस दोन) क्रीचर. त्यावर क्षमता म्हणून एक अक्षर नाही. तरीही ते आल्या टर्नला हल्ला करू शकत नाही, त्याला लागलेलं डॅमेज टर्न संपताना पुसलं जातं, ते ब्लॉक करताना टॅप (आडवं, म्हणजे वापरलेलं) होत नाही. वाचायचं कुठे? त्याहून साधं कार्ड म्हणजे माउंटन, मना देणारी एक लँड. आजच्या माउंटनवर मजकुराच्या जागी फक्त लाल मनाचं मोठं चिन्ह असतं. ‘टॅप करा, एक लाल मना मिळवा’ ही क्षमता त्याला नियमातून मिळते: ज्याचा प्रकार माउंटन, त्याला ती आपोआप लागू.

हा तपशील फालतू वाटेल, पण त्याच्याच जोरावर ब्लड मून चालतं. द डार्क या १९९४ च्या संचातलं हे कार्ड. आजचा मजकूर एका ओळीचा: बेसिक (माउंटन, आयलंड, स्वॅम्प अशा मूळ) नसलेल्या लँड्स माउंटन असतात. झालं, पुढे पूर्णविराम. आता समोरच्याकडे स्कॅल्डिंग टार्न आहे, जी एक लाइफ (खेळाडूच्या जीवनगुणांपैकी एक) भरून आणि स्वतःचा बळी देऊन डेकमधून आयलंड किंवा माउंटन शोधून आणते. ब्लड मून टेबलावर असताना ती वापरता येईल का? कार्ड वाचून प्रामाणिक माणूस म्हणेल, ‘येईल की. माउंटन झाली, पण तिची क्षमता गेली असं कुठे लिहिलंय?’ कुठेच नाही. ते लिहिलंय नियम ३०५.७ मध्ये: एखाद्या लँडचा प्रकार बदलून बेसिक प्रकार दिला, की तिच्या मजकुरातून येणाऱ्या क्षमता जातात आणि नव्या प्रकाराची मना देण्याची क्षमता येते. म्हणून टार्नवर आता फक्त लाल मना. स्टीम व्हेंट्ससारखी लँड तर एरवीचा ‘दोन लाइफ भरता का?’ हा प्रश्नही न विचारता अनटॅप्ड (लगेच वापरता येण्याजोगी) येते, कारण तो प्रश्न विचारणारी ओळच शिल्लक नसते.

पुढची पायरी याहून मजेदार आहे. टेबलावर उरबोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ आहे. २००७ च्या प्लेनर केऑस संचातली ही लँड म्हणते की प्रत्येक लँड तिच्या मूळ प्रकारांखेरीज स्वॅम्पही असते. शेजारी ब्लड मून. आता लँड्स नेमक्या कोण? दोन्ही कार्डं कितीही वेळा वाचा, एकमेकांसमोर धरून वाचा, उत्तर मिळायचं नाही. अंदाज बांधणारे म्हणतात, जे नंतर आलं ते लागू. अंदाज वाईट नाही, पुष्कळदा तसंच होतं. पण नियमांत परिणाम थराथराने लावतात, आणि इथे दोन्ही परिणाम एकाच थरात, प्रकार बदलणाऱ्या चौथ्या थरात बसतात, आणि ब्लड मून आधी लावलं तर उरबोर्गची क्षमता मुळात राहतच नाही. म्हणजे उरबोर्ग ब्लड मूनवर अवलंबून आहे, उलट नाही. अशा वेळी कोण आधी आलं हे बघायचं नसतं. ब्लड मून आधी लागतं, उरबोर्ग साधी माउंटन होते आणि स्वॅम्पचा विषय संपतो. हे थर, हे अवलंबित्व ६१३ क्रमांकाच्या नियमात सविस्तर मांडलंय. कुठल्याही कार्डाच्या त्या चिमुकल्या चौकटीत ते मावलं असतं असं म्हणणाऱ्याने एकदा मांडून दाखवावं.

‘कार्ड आणि पुस्तक यांत कार्ड जिंकतं, हे पुस्तकच सांगतं.’ सांगतं खरं. नियम १०१.१ तोच आहे आणि खेळाडू त्याला सुवर्णनियम म्हणतात. पण त्यात ‘थेट विरोध असेल तर’ ही अट आहे, ती खेळाडूंमध्ये फिरणाऱ्या संदेशांत गळते. प्लॅटिनम एंजल म्हणते की तुम्ही हरू शकत नाही. लाइफ शून्यावर गेलं की हरतो हा नियम तिथे मागे पडतो, बरोबर. ब्लड मून मात्र क्षमता राहतील की जातील याबद्दल काहीच म्हणत नाही. कार्ड जिथे गप्प आहे तिथे ते जिंकणार कशात? आणि त्याच नियमात एक अपवादही आहे: खेळाडू कधीही डाव सोडू शकतो, कुठलंही कार्ड त्याला अडवू शकत नाही. प्लॅटिनम एंजल टेबलावर असताना तुम्ही हात वर केलेत तर हरलातच.

त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. ‘कार्ड’ म्हणजे तुमच्या हातातला पुठ्ठा नव्हे. नियम १०८.१ सांगतो की कार्डाचा मजकूर ठरवताना ऑरॅकल पाहायचं, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टने ठेवलेला प्रत्येक कार्डाचा अद्ययावत इंग्रजी मजकूर. तो त्यांच्या गॅदरर या संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतो. छापील अक्षराला ब्रह्मवाक्य मानणाऱ्यांनी २०२० च्या इकोरिया संचातलं एखादं कम्पॅनियन (डेकबाहेर ठेवलेलं सोबती) कार्ड काढावं, लूरस म्हणा. त्यावर खुलाशात छापलंय की ते तुम्ही खेळाबाहेरून एकदा थेट कास्ट करू (मना भरून खेळू) शकता. त्याच वर्षी जूनमध्ये नियम बदलला: आधी तीन मना भरून ते हातात घ्यायचं, मग कास्ट करायचं. पुठ्ठा तोच, छपाई तीच. ती वाचून जो खेळेल तो चुकीचं खेळेल.

लाइटनिंग बोल्ट या तीन डॅमेज करणाऱ्या कार्डाचंही तेच, उलट दिशेने. २००९ मध्ये आलेल्या ‘मॅजिक २०१०’ या कोअर सेटमधल्या बोल्टवर क्रीचर किंवा खेळाडू एवढंच टार्गेट लिहिलंय. ते वाचून कुणी म्हणेल, प्लेन्सवॉकरवर (खेळाडूच्या साथीदारासारख्या वेगळ्या प्रकारच्या कार्डावर) बोल्ट टाकता येत नाही. २०१८ मध्ये डॉमिनेरिया संचाबरोबर असल्या कार्डांचा मजकूर एकगठ्ठा ‘कुठलंही टार्गेट’ असा बदलला, आणि तो त्या जुन्या प्रतीलाही लागू आहे. आणि भाषेचं काय? वॉर ऑफ द स्पार्क संचातली जपानी चित्रांची, जपानीत छापलेली प्लेन्सवॉकर कार्डं जगभरच्या हौशी लोकांच्या डेकमध्ये दिसतात. मालकालाही त्यातलं अक्षर लागत नाही, समोरच्याला कुठून लागणार? तरी डाव बिनबोभाट चालतो, कारण कुणी ती वाचत नाही, ऑरॅकल वाचतात.

कधी कधी मजकूर हलतच नाही आणि कार्ड बदलतं. मॉग फॅनॅटिक हा एक मनाचा, एक-एकचा गॉब्लिन. बळी द्या आणि एक डॅमेज करा, एवढंच त्याचं काम. २००९ च्या जुलैपर्यंत लढाईचं डॅमेजही स्टॅकवर, म्हणजे अजून लागू व्हायच्या चालींच्या ढिगावर, जायचं. त्यामुळे फॅनॅटिकचं डॅमेज स्टॅकवर टाकायचं, मग त्याचा बळी देऊन आणखी एक करायचं, आणि एक मनात दोन टफनेसचं क्रीचर गारद करायचं, ही युक्ती पोरासोरांनाही ठाऊक होती. ‘मॅजिक २०१०’ या त्याच कोअर सेटबरोबर तो नियम गेला. आता लढाईचं डॅमेज करा नाहीतर बळी द्या, दोनपैकी एक. त्या बदलापायी फॅनॅटिकच्या क्षमतेतला एक शब्दही हलवावा लागला नाही.

‘नियमपुस्तक जज लोकांसाठी आहे.’ अर्धं मान्य. जवळपास तीनशे पानांचा तो दस्तऐवज सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी वाचायचा नसतोच. तो शब्दकोशासारखा उघडायचा असतो, आणि प्रत्येक नियमाला क्रमांक दिलाय तो त्यासाठीच. तो सर्वांसाठी खुला आहे, मोफत आहे, शेवटी पारिभाषिक शब्दांची सूची आहे. क्रमांकाचा आणखी एक उपयोग हल्ली वाढलाय. चॅटबॉटला नियम विचारला की तो छातीठोक उत्तर देतो, वर क्रमांकही ठोकून देतो. तो क्रमांक उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात. उत्तर देणारा माणूस असो की यंत्र, ‘कुठे लिहिलंय?’ हे विचारायचा हक्क नवख्याला या क्रमांकांनीच दिलाय, आणि ‘कार्ड वाच’ म्हणणारे नेमका तोच काढून घेतात.

‘जज शेवटी हेतू बघतात.’ नाही बघत. कार्ड तयार करणाऱ्याच्या मनात काय होतं यावर टेबलाजवळचा जज निकाल देत नाही. तो ऑरॅकल, नियम आणि स्पर्धेची कार्यपद्धती यांवर देतो. पटला नाही तर हेड जजकडे दाद मागता येते आणि त्या स्पर्धेपुरता त्याचा शब्द अखेरचा. कम्पॅनियनचा नियम बदलला तो कंपनीने, सगळ्यांसाठी, जाहीर करून. कुण्या जजला ती कार्डं डोईजड वाटली म्हणून नव्हे. कार्यपद्धती किती काटेकोर असते ते विसरलेल्या ट्रिगरवरून (ठरावीक घटना घडली की आपोआप लागणाऱ्या क्षमतेवरून) दिसतं. कार्डावर ‘मे’ नाही, म्हणजे ट्रिगर व्हायलाच हवा, असं कार्ड वाचून वाटतं. पण कॉम्पिटिटिव्ह पातळीच्या स्पर्धेत तुमचा विसरलेला ट्रिगर प्रतिस्पर्ध्याने दाखवून द्यायची सक्ती नसते, आणि उशिरा आठवला तर तो स्टॅकवर घ्यायचा की नाही हे साधारणपणे प्रतिस्पर्धीच ठरवतो. हे कुठल्या कार्डावर छापणार?

राहता राहिला तो आळशीपणाचा आरोप. जज काय सांगू शकतो हे पाहिलं तरी त्याची हवा निघते: स्पर्धेत कुठल्याही खेळाडूला हात वर करून जजला बोलावता येतं, कार्डाचा ऑरॅकल मजकूर मागता येतो, दोन कार्डांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते विचारता येतं. ‘मी आता काय खेळू?’ याचं उत्तर मात्र जज देत नाही. प्रश्न विचारणं हा खेळाच्या व्यवस्थेतच धरलेला भाग आहे.

आळस असतो तो बहुतेकदा उत्तर देणाऱ्याचा. चांगल्या उत्तराची सुरुवात उलट प्रश्नाने होते: टर्न कुणाचा, टेबलावर आणखी काय, ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या किंवा मेलेल्या कार्डांच्या ढिगात) काय, स्टॅकवर काय. नेहमीचा प्रश्न घ्या: दोन-तीनच्या टार्मोगॉयफ या क्रीचरवर बोल्ट टाकला, मरेल का? गॉयफची ताकद म्हणजे सगळ्या ग्रेव्हयार्ड्समधल्या कार्डप्रकारांची संख्या, टफनेस त्याहून एक जास्त. टफनेस तीन, डॅमेज तीन, मेला, असं कार्डं वाचून वाटतं. पण बोल्ट रिझॉल्व्ह (लागू) होताना आधी डॅमेज करतो, मग शेवटी स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो, आणि क्रीचर मेलं की नाही ही तपासणी त्यानंतर होते. ग्रेव्हयार्ड्समध्ये तोवर फक्त क्रीचर आणि लँड हे प्रकार असतील तर बोल्टमुळे इन्स्टंट हा तिसरा प्रकार येतो, गॉयफ तीन-चारचा होतो आणि तीन डॅमेज अंगावर घेऊन उभा राहतो. तिथे आधीपासूनच एक इन्स्टंट आणि एक लँड असेल, तर बोल्टने प्रकार वाढत नाही आणि गॉयफ मरतो. दोन्ही वेळा कार्डं तीच, त्यांवरचा मजकूर तोच. ज्याने ग्रेव्हयार्डमध्ये काय आहे हे न विचारता ‘कार्ड वाच’ असं ठोकून दिलं, त्याला यातलं कुठलं उत्तर द्यायचं होतं, हे त्यालाही सांगता येणार नाही.