दाण्याची वाटी उचला, पाचोळा राहू द्या

मे सरत आला आणि वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की फेसबुकवर एक फोटो हटकून येतो. कुंपणाच्या तारेमागे हिरवा-पिवळा ठिपका, खाली ओळ: ‘आमच्या परसात दुर्मिळ पक्षी! कोण आहे सांगा.’ बहुतेक वेळा तो नवरंग असतो.

दुर्मिळ म्हणण्याइतका तो दुर्मिळ नाही. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून विणीसाठी तो दरवर्षी सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलांत येतो. विरळा असतं ते त्याचं आपल्याच परसात उतरणं, आणि हरखून जायला तेवढं पुरेसं आहे. बुलबुलाएवढा जीव, पण शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, पोट बदामी, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, खांद्यावर निळा ठिपका. लालभडक रंग शेपटीखाली लपलेला, तो वाकल्यावरच दिसतो. दोन उड्या मारायच्या, थांबायचं, चोचीने पान उलटायचं, आखूड शेपूट सावकाश खाली-वर करायची. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ.

आता मुद्दा. असे पाहुणे यावेत म्हणून लोक दाणे टाकतात, आणि येतात पारवे. नवरंग, कस्तूर, स्वर्गीय नर्तक यांतला एकही ज्वारी-बाजरीकडे ढुंकून बघत नाही. त्यांना किडे लागतात. नवरंग-कस्तुराला ते ओल्या पाचोळ्याखाली मिळतात, आणि तोच आपण रोज सकाळी खराट्याने लोटून जाळतो. मोरीचं पाणी सोडलेला अळू-केळीचा कोपरा ही खरी जागा. निदान तिथला तरी तीन-चार इंच पाचोळा हलवू नका, आणि त्यावर कीटकनाशक मारू नका. आंगण हवं तेवढं चकचकीत ठेवा.

दुसरी गोष्ट पाणी. मातीचा पसरट परळ घ्या, कडेला एक आणि मध्ये दोन इंचांहून जास्त खोल नको. खोल, गुळगुळीत स्टीलच्या भांड्यात छोटे पक्षी उतरतच नाहीत. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. झुडपापासून सहा-आठ फुटांवर मांडा: अगदी चिकटून ठेवलंत तर मांजर दबा धरतं, फार उघड्यावर ठेवलंत तर पक्षी बिचकतो. वर फांदीला भोक पाडलेली बाटली टांगून थेंब-थेंब पडू दिला, तर त्या आवाजाने पक्षी लवकर येतात. पाणी रोज बदला, नाहीतर आठवड्या-दहा दिवसांत डास तयार. शेवाळ काथ्याने घासा, साबण नको. नर्तक आणि इतर माशीमार बऱ्याचदा उन्हं कलल्यावर आंघोळीला येतात, म्हणजे नेमके आपण चहा घेऊन टीव्हीसमोर बसतो तेव्हा.

ओळखताना घोटाळे ठरलेले. ‘ससाणा आला’ म्हणून टाकलेला फोटो अनेकदा पावशाचा असतो. छातीवरचे पट्टे, करडी पाठ, उडण्याची ढब, सगळं शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखं. चोच बघा: शिक्र्याची आकडेबाज, पावशाची सरळ. अंगभर पांढरे ठिपके असलेली ‘घुबडाची जात’ म्हणजे कोकिळा, कोकिळाची मादी. आणि आवाज ओळखणाऱ्या मर्लिन ॲपवर डोळे झाकून विसंबू नका, कारण हरेवा आणि भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतात. ॲपने नाव सांगितलं तरी पक्षी दिसेपर्यंत ते कच्चंच धरा.

पक्षी दिसला की हात आधी मोबाईलकडे जातो, तिथेच अर्धी मजा जाते. आधी मिनिटभर नुसतं बघा: चिमणी, बुलबुल, साळुंकी यांपैकी कोणाएवढा, चोच कशी, जमिनीवर चालतो की उड्या मारतो. मग फोटो. तारीख-वेळेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. नवरंग कुठे कोणत्या तारखेला पोचला हे अशा नोंदींतूनच कळतं. फक्त त्याची शीळ मोबाईलवर वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी शोधत हैराण होतो.

नवरंग रात्री प्रवास करतो, त्यामुळे सकाळी काचेखाली किंवा गॅलरीत थकून बसलेला सापडतो. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव नको, हळद नको. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरा, हळूच आत ठेवा, झाकण लावा आणि तास-दोन तास अंधारात, शांत जागी राहू द्या. मुलांना दाखवायला दर पाच मिनिटांनी झाकण उघडू नका. पंख लोंबत असेल, रक्त असेल तर वनखात्याच्या 1926 वर फोन करा. घरी पाळायचा विचारही नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आत खडखड ऐकू आली की खोकं झाडाखाली न्या, कावळे आणि मांजर आसपास नाहीत हे बघा, झाकण उघडा आणि मागे सरका.