तोफेपेक्षा नजर

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानातल्या फिल्लौऱ्याला झालेल्या रणगाड्यांच्या लढाईवरचा लेख वाचला. ‘सरस रणगाडे होते म्हणून फिल्लौरा जिंकलं’ हे त्यातलं आपल्या सैन्याबद्दलचं वाक्य खटकलं. कागदावर तरी पाकिस्तानचा पॅटन रणगाडाच भारी होता. त्याची तोफ ९० मिमीची, आपल्या सेंच्युरियनची ८४. शिवाय पॅटनमध्ये अंतर मोजायचं यंत्र होतं, पण इतकं किचकट की सरावाशिवाय त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडे अंतर डोळ्यांनीच जोखायचं.

माझे मामा सेंच्युरियनवर गनर, म्हणजे तोफ डागणारे, होते. नगरला के. के. रेंजवर नेमबाजी व्हायची, पण त्यांच्या मते खरा घाम गाळला तो बिनगोळ्यांच्या कवायतीत. लोडर, गनर, कमांडर, तेच ते शंभरदा. सत्तरी उलटली तरी फिरायला निघाले की समोरचा विजेचा खांब बघून “दोनशे ऐंशी” म्हणायचे आणि मला पावलं मोजायला लावायचे! (फार तर दहा-पंधरा इकडेतिकडे.) पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख तारापोर स्वतः सेंच्युरियनचं प्रशिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले होते. ११ सप्टेंबर १९६५ ला फिल्लौऱ्यात आपल्या रेजिमेंटला घेऊन उतरले ते त्या शिदोरीवर. लेखात तोफांवर चार परिच्छेद आहेत आणि या तयारीवर एक ओळसुद्धा नाही.