ह्यूगो की वर्डप्रेस: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने वेबसाइट नव्याने बांधताना वर्डप्रेसऐवजी ह्यूगोसारखा स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजे मजकुराच्या फायलींतून आधीच तयार पानं बनवून ठेवणारं साधन, घ्यावा आणि त्या फायली गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ठेवाव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता, "वेबसाइट वाचकांसाठी असते, तुमच्या गिटच्या हौसेसाठी नाही. भाषांतर करणाऱ्याने आधी गिट शिकायचं का? ह्यूगोचे टेम्प्लेट तर वाचवत नाहीत. सर्च आणि फॉर्मचं काय?"

टेम्प्लेटचं, म्हणजे पानांच्या साच्यांचं, मान्य. गो या प्रोग्रॅमिंग भाषेतली ती मांडणी किचकटच आहे.

पण हौस? मतभेद जरूर असावेत, मात्र अनोळखी माणसाच्या कामाला असं नाव ठेवण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. एका प्रकल्पाची डेटाबेसवर चालणारी साइट मी कित्येक वर्षं सांभाळली आहे. सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी बदलून गेला, प्लगइन अपडेट करायला कोणी उरलं नाही, आणि एक दिवस मुखपृष्ठावर भलत्याच औषधांच्या जाहिराती झळकू लागल्या. बॅकअप कुठे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा रात्र-रात्र बसून जुनी पानं गोळा करणाऱ्यांत मी होतो, आपण नव्हता.

स्वयंसेवक येतात आणि जातात, हे धरूनच साधन निवडावं लागतं. ह्यूगो म्हणजे एकच बायनरी, थेट चालवता येणारी एक फाइल. ना डेटाबेस, ना वर्डप्रेसला लागणारी पीएचपी भाषा. मजकूर मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांच्या टेक्स्ट फायलींत राहतो आणि रेपो (गिटमधला फायलींचा साठा) क्लोन केलेल्या, म्हणजे स्वतःकडे उतरवून घेतलेल्या, प्रत्येकाकडे सगळ्या साइटचा इतिहास असतो. उद्या सगळे जुने लोक निघून गेले तरी नवा माणूस तिथून पुढे सुरू करू शकतो. वाचकांचा विचार यापेक्षा वेगळा काय असतो, ते तरी सांगा.

माझ्या लेखातल्या कुबरनेटिसच्या, म्हणजे सर्व्हरवरची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या मुक्त प्रकल्पाच्या, उदाहरणाला तर तुम्ही हातच लावला नाहीत! त्यांचं डॉक्युमेंटेशन जेकिल या दुसऱ्या स्टॅटिक साइट जनरेटरवर होतं. ते अनेक भाषांत कसं द्यायचं, यावर जवळपास वर्षभर खल केल्यावर २०१८ मध्ये त्यांनी ह्यूगो घेतला, कारण बहुभाषिक साइटची सोय त्यात मुळातच आहे. आज त्या रेपोत इंग्रजीशेजारी हिंदी आणि बंगालीचे स्वतंत्र फोल्डर आहेत. ज्या भाषांतरकारांचा तुम्हाला एवढा कळवळा आहे, त्यांच्यासाठीच तो बदल झाला. गिटहबवर, म्हणजे गिटचे रेपो ठेवणाऱ्या वेबसाइटवर, ब्राउझरमध्येच फाइल उघडून, दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवता येते. कमांड लाइन लागत नाही. हे न तपासताच तुम्ही मला शिकवायला निघालात.

सर्चसाठी पेजफाइंड हे स्टॅटिक साइटमध्ये शोधण्याचं साधन आहे. फॉर्मवर मी वेळ घालवणार नाही, बहुतेक प्रकल्पांना इश्यू ट्रॅकर, म्हणजे तक्रारी-सूचनांची नोंदवही, पुरतो.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच लिहा: तुमच्या प्रकल्पाच्या साइटचा पासवर्ड आज किती जणांकडे आहे, आणि शेवटचा बॅकअप कोणी उघडून पाहिला. त्यावर बोलायला मी केव्हाही तयार आहे.