स्टार फुकट मिळतात, मग फंड रिसर्चला पगारी माणूस कशाला?

नमस्कार. चिंचवडहून आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ असा: म्युच्युअल फंडांचा रिसर्च म्हणजे वेबसाइटवर फंडांना दिलेले स्टार बघून एक्सेल भरणं, सल्लागारानं त्यासाठी माणूस ठेवणं ही चैन, त्याच्या यादीत कमिशन जास्त तो फंड वर, आणि शेवटी इंडेक्स फंड (निर्देशांकाची जशीच्या तशी नक्कल करणारा) घेतला की विषय संपला. शेवटच्या मुद्द्यावर आपलं फारसं भांडण नाही, तो नंतर घेतो.

हे स्टार फंडाचा आधीच्या काळातला परतावा जोखमीशी ताडून दिलेले असतात. पण तो परतावा आजच्याच फंडानं कमावला का, हे स्टारवरून कळत नाही. बाजार नियामक सेबीनं ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांचे प्रकार आखून दिले आणि 2018 मध्ये कित्येक योजनांचा साचाच बदलला. एचडीएफसीच्या प्रुडन्स आणि ग्रोथ या दोन योजना एकत्र होऊन बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंड झाला, तो याच सुमाराला. म्हणून दहा वर्षांचा आलेख हातात आला की त्यावर आधी दोन उभ्या रेघा मारायच्या: प्रकार बदलल्याची तारीख आणि फंडाचा मॅनेजर बदलल्याची तारीख. त्यांच्या डावीकडचं कौतुक आजच्या फंडाच्या खात्यात धरायचं नाही.

मग रोलिंग रिटर्न, म्हणजे रोज एक दिवस पुढे सरकत काढलेला ठरावीक मुदतीचा परतावा. फंड कंपन्यांची संघटना अ‍ॅम्फी हिच्या साइटवरून दहा वर्षांची रोजची एनएव्ही (एका युनिटची किंमत) घेतली तर तीन वर्षांचे सतराशेच्या आसपास आकडे निघतात. रेग्युलर प्लॅन (ज्यात कमिशन कापलं जातं) रेग्युलरशीच ताडायचा आणि निर्देशांक टीआरआयचाच, म्हणजे लाभांश धरलेला, घ्यायचा, नाहीतर लाभांश वगळलेल्या निर्देशांकावर फंड उगाच भारी दिसतो. इथं नवशिके फसतात ते वेगळ्याच गोष्टीत. सतराशे आकडे बघून छाती फुगते, पण एकमेकांवर न चढणारे तीन वर्षांचे कालखंड त्यात तीनच असतात. ‘नव्वद टक्के वेळा निर्देशांकाला हरवलं’ हे वाक्य एकाच चांगल्या वर्षाच्या जिवावर उभं असू शकतं. ते वर्ष काढून पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पगार त्याचाच.

लार्ज कॅप, म्हणजे बड्या कंपन्यांचा, फंड निर्देशांकाच्या पुढे गेला तर कशामुळे गेला, हेही उकलावं लागतं. अशा फंडाला 80 टक्के पैसे पहिल्या 100 कंपन्यांत ठेवावे लागतात, उरलेले मिड कॅपमध्ये, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांत, जाऊ शकतात. मिड कॅप तेजीत असले की मॅनेजर हुशार वाटतो. दर महिन्याचं पोर्टफोलिओ उघडून हा वाटा मोजायचा, आणि कोणती कंपनी लार्ज, कोणती मिड, हे सांगणारी अ‍ॅम्फीची यादी त्या-त्या सहामाहीची लावायची. आजची यादी जुन्या पोर्टफोलिओला लावली, तर तेव्हा मिड कॅप असलेली आणि पुढे वाढलेली कंपनी लार्ज कॅप म्हणून मोजली जाते आणि खरं कारणच झाकलं जातं. दोन फंडांतले सामायिक शेअर काढताना कंपनीच्या नावावर नव्हे, आयएसआयएनवर (प्रत्येक रोख्याचा ठरलेला क्रमांक) जुळणी करा. नावं प्रत्येक फंड हाऊस वेगळी लिहितं. सामायिक प्रत्येक शेअरचं दोन्हींतलं कमी असलेलं वजन घ्यायचं आणि बेरीज करायची. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याच्या चार फंडांत आयटीच भरलेलं निघालं, तर पगार आणि बचत एकाच खुंटीला टांगलेली आहे हे सल्लागाराला लेखी कळवणं हेही याच माणसाचं काम.

सल्लागाराला या कामाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ‘विकू नका’ सांगताना. इक्विटी (शेअरच्या) फंडात दहा लाखांचे सोळा लाख झालेत, वर्ष उलटून गेलंय, त्या वर्षात दुसरा नफा नाही असं धरू. सहा लाखांच्या नफ्यातून करमाफ सव्वा लाख वजा, उरलेल्या 4.75 लाखांवर साडेबारा टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 61,750 रुपये. हातात 15,38,250 राहिले. पुन्हा सोळा लाखांवर यायलाच नव्या फंडाला चार टक्के कमवावे लागतील. कर आज ना उद्या द्यायचाच हे खरं, पण नुसता एक स्टार घसरला म्हणून तो आज कशाला द्यायचा?

डेट, म्हणजे कर्जरोख्यांच्या, फंडांत नावावर जाऊच नये. फ्रँकलिन टेम्पलटननं 23 एप्रिल 2020 ला ज्या सहा योजना गुंडाळल्या, त्यांत एक अल्ट्रा शॉर्ट, म्हणजे नावानं अगदी अल्प मुदतीचा, बाँड फंड होता. कमी मानांकनाचे रोखे पोर्टफोलिओत दर महिन्याला जाहीर होत होते. बघणारा हवा होता. त्याच प्रकारातल्या इतरांपेक्षा वायटीएम (रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर मिळणारा अंदाजे वार्षिक परतावा) दीड-दोन टक्के जास्त दिसलं, की परतावा न बघता रोख्यांची यादी उघडायची.

‘कमिशन जास्त तो फंड वर’ ही तुमची शंका रास्त आहे. उपाय साधा: रिसर्चच्या शीटमध्ये कमिशनचा रकाना नसावा, आणि फंड यादीत का आला, का गेला, हे तारखेसह लिहिलेलं असावं. अशी नोंद तुमच्या सल्लागाराकडे खुशाल मागा. नसेल तर तुमचा राग बरोबर आहे.

आता इंडेक्स फंड. लार्ज कॅपपुरतं मान्य. पण तोही निवडावाच लागतो: एकाच निर्देशांकाच्या फंडांचा तीन वर्षांचा परतावा टीआरआयमधून वजा करा आणि कमीत कमी फरकाचा घ्या. खर्चाचं प्रमाण सारखं असूनही फरक जास्त दिसला, तर फंडात रोकड किती पडून असते ते तपासा.