वसईचे ख्रिस्ती इंग्रजांनी घडवलेले नाहीत

वसईच्या कॅथलिकांविषयीचा एक मजकूर सध्या पुन्हा हातोहात फिरतो आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसईतील ख्रिस्ती धर्म मुळासकट उपटला, आजचे ख्रिस्ती पुढे ईस्ट इंडिया कंपनीने बाटवलेले आहेत, ‘ईस्ट इंडियन’ हे नावच त्याचा पुरावा आहे आणि मराठीशी या लोकांचे काही देणेघेणे नाही, असा त्याचा आशय आहे.

आधी नावाचे पाहू. मुंबई परिसरातील स्थानिक कॅथलिकांनी हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी घेतले. नाव उशिराचे आहे, धर्म नव्हे. वसई पोर्तुगीजांकडे आली ती गुजरातच्या बहादूरशाहाशी झालेल्या 1534 च्या तहाने, आणि वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी स्थापनही झाली नव्हती. लोपीस, परेरा, तुस्कानो ही आडनावे कोणत्या भाषेतली आहेत, एवढे पाहिले असते तरी हा घोळ टळला असता.

1739 विषयीच्या विधानात थोडे तथ्य आहे. किल्ला पडला, पोर्तुगीज पाद्री बहुतांशी निघून गेले आणि चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या पंचधातूच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि 1707 हे साल आजही दिसते. परंतु घंटा गेली म्हणजे गावही गेले, असे होत नाही. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती उपासनेची मुभा होती, आणि मराठ्यांच्या अमलात देशी धर्मगुरूंनी धर्मग्राम (एकेका चर्चखालचा गावसमूह, म्हणजे पॅरिश) चालते ठेवले. अठराव्या शतकाच्या मध्यास वसईच्या दक्षिणेकडील साष्टी बेटातून गेलेल्या आंक्तिल द्यु पेराँ या फ्रेंच प्रवाशाला तिथे ख्रिस्ती धर्म उघडपणे पाळला जाताना आढळला. चिमाजी अप्पांच्या नावावर धर्मोच्छेद चढवणारे त्यांचा गौरव करत आहेत, असे मला तरी वाटत नाही.

पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली आणि धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो हिशेब इंग्रजांच्या खात्यावर मांडता येत नाही. इंग्रजांनी 1780 मध्ये घेतलेली वसई 1782 च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत गेली, आणि त्यांचा अंमल तिथे कायमचा बसला तो पेशवाई बुडाल्यावर. त्यानंतरही वसईच्या धर्मग्रामांवरचा धार्मिक अधिकार दीर्घकाळ पोर्तुगीज आश्रयाखालील गोव्याकडे, आणि 1886 पासून दमणच्या धर्मप्रांताकडे (बिशपच्या अधिकारक्षेत्राकडे) होता; मुंबईकडे तो 1928 मध्ये आला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 चा.

राहिली भाषा. कॅथलिक चर्चच्या 1962 ते 1965 दरम्यानच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे, इंग्रजीत नव्हे. त्यानंतर वसईच्या गावांत ती मराठीत होऊ लागली. घरात तर सामवेदी, वाडवळी, कोळी बोली कधी सुटल्याच नव्हत्या. ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक 1955 पासून इथूनच निघते, आणि त्याचे संपादकपद दीर्घकाळ सांभाळणारे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.