पेन्सिल स्टँडच्या वर्गाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय पालक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या मुलीने आमच्या वर्गात पत्र्याच्या टाकाऊ डब्यावर सुतळी आणि लोकर वेढून केलेल्या पेन्सिल स्टँडची सुतळी त्याच रात्री सुटली, हे आपल्या अभिप्रायातून समजले. तिचा हिरमोड झाला, याबद्दल मी दिलगीर आहे. आपण दोन तारे देऊन तीन तक्रारी नोंदवल्या आहेत : ४५० रुपये शुल्क अवाजवी आहे, सुतळीला रॉकेलसारखा वास येत होता, आणि आम्ही पैसे वाचवण्यासाठी हलका गोंद वापरला, ग्लू गन वापरली असती तर ही वेळ आली नसती.

शुल्क किती असावे याबद्दल मतभेद असू शकतात. डबा टाकाऊ असतो हे खरेच. परंतु त्याची कापलेली कड घासून, तिच्यावर कागदी टेप चिकटवून तो मुलांच्या हाती देण्याजोगा करावा लागतो आणि दहा मुलांमागे आम्ही दोघीजणी पूर्ण दोन तास त्यांच्या शेजारी उभ्या असतो. वासाचे म्हणाल तर, तागाचे धागे मऊ पडावेत म्हणून गिरणीतच त्यांवर तेल आणि पाण्याचे मिश्रण मारलेले असते. त्या तेलाचा वास सुतळीच्या नव्या गुंड्याला येतो आणि उघड्यावर ठेवल्यावर हळूहळू कमी होतो.

गोंदाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘पैसे वाचवण्यासाठी’ हे शब्द मला फार लागले. ग्लू गन आमच्याकडे आहे. कमी तापमानाच्या गनमधूनही गोंद साधारण १२० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, आणि पत्र्याच्या डब्यावर तो लावला की डबा धरलेल्या हातालाही चटका बसू शकतो. म्हणून सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात ती कपाटातच राहते आणि यापुढेही राहील. शिवाय गुळगुळीत पत्र्यावरून हा गोंद थंड झाल्यावर पापुद्र्यासारखा सुटून येतो, हे ज्यांनी वापरला आहे त्यांना माहीत असेल. आम्ही आधी डब्यावर खाकी कागद चिकटवतो, त्यावर पांढऱ्या गोंदाचा हात फिरवतो आणि मग तळापासून एकाला एक लागून वेढे घेतो. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या आणि दहा सेंटिमीटर उंचीच्या डब्याला तीन मिलिमीटर जाडीची सुतळी जवळजवळ आठ मीटर लागते. आपल्या मुलीने तळापासून अर्ध्यापर्यंत सुतळी आणि वर पिवळी व पोपटी लोकर, असे सगळे वेढे स्वतःच्या हाताने घेतले. (वेढ्यांमध्ये फट राहू न देणारी मुले थोडी असतात. ती त्यांतली एक आहे.)

पांढरा गोंद त्यातले पाणी उडून गेल्यावरच धरतो. पत्रा पाणी शोषत नाही, हवा पावसाळी होती. अशा वेळी तो पक्का होण्यास एक दिवस सहज लागतो. यासाठीच सुतळीच्या आणि लोकरीच्या शेवटच्या टोकांवर आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे लावून देतो आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढावेत, अशी चिठ्ठी डब्यात ठेवतो. वर्गाची वेळ चार ते सहा होती. आपल्याला वाढदिवसाला जायचे असल्याने आपण सव्वापाचलाच तिला न्यायला आलात, त्याला माझी काहीच हरकत नव्हती. परंतु फोटोत चिमटे चांगले दिसत नाहीत म्हणून आपण ते दारातच काढलेत आणि मी ते पुन्हा लावून दिले, हे आपल्याला आठवत असेल. घरी पुढे काय घडले ते मी पाहिलेले नाही. मात्र अभिप्रायासोबत आपण जोडलेल्या, घरच्या टेबलावरच्या फोटोत एकही चिमटा नाही आणि मागचे घड्याळ साडेआठ दाखवत आहे. हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. हा वर्ग माझ्या घराच्या पुढच्या खोलीत चालतो, नवे पालक इथले अभिप्राय वाचूनच नाव नोंदवतात, आणि आपले लेखन वाचून दोन पालकांनी पुढच्या रविवारची नावे मागे घेतली आहेत. खराब सामान वापरल्याचा ठपका मला परवडणारा नाही.

सुतळी यापुढे आधी वाऱ्यावर ठेवण्याचा आणि वाळण्याच्या वेळेबाबत पालकांना अधिक स्पष्ट सूचना देण्याचा आमचा विचार आहे. शुल्क परत करणे शक्य होणार नाही. आपल्या मुलीला घेऊन सोमवार सोडून कोणत्याही संध्याकाळी यावे. सुटलेले वेढे ती आणि मी मिळून पुन्हा घेऊ, त्याचे काही पैसे लागणार नाहीत. स्टँड त्या रात्री आमच्याकडेच ठेवून दुसऱ्या दिवशी नेलात तर बरे होईल.

कळावे,
वर्गाची संचालिका